शूट करता येतं हा पॉइंट गार्डचा दोष नाही

प्रति,
आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या सोळा वर्षांखालील मुलींचा बास्केटबॉल संघ निवडणाऱ्या समितीतील सर्व सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुम्ही संघाची यादी लावलीत. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीच्या नावापुढे त्या यादीत 'शूटर, राखीव' असं लिहिलेलं आहे. तिने अर्जात जागा लिहिली होती पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर आणून खेळ मांडणारी. मी विचारायला आले तेव्हा तुमच्यातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी उभ्याउभ्याच उत्तर दिलं, "मॅडम, शूट मारणारी पोरगी बॉल वाटत नाही. पॉइंटला आम्हाला वाटणारी पाहिजे."

तेवढ्यावर तुमच्यासाठी विषय मिटला. माझ्यासाठी मिटला नाही. हे पत्र चारचौघांत लिहिण्याचं कारण असं, की तुमचं ते वाक्य आता जिल्हाभर फिरतंय. खानापूरकडच्या एका शाळेतल्या सरांनी आणि निपाणीकडच्या एका सरांनी मला फोनवर सांगितलं की त्यांनी आपापल्या चांगल्या शूटर मुलींना बॉल वर आणायला शिकवणं थांबवलंय. चाचणीत घेतच नाहीत तर शिकवून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. एका वाक्याने दोन शाळांतला सराव बदलला. म्हणून मला गप्प बसवत नाही.

आधी माझं यात काय आहे ते सांगते. मी दिवसा एका पतसंस्थेत काम करते आणि संध्याकाळी साडेपाचपासून अंधार पडेपर्यंत टिळकवाडीतल्या एका सिमेंटच्या कोर्टवर मुलींना शिकवते. मी स्वतः याच जिल्ह्यात गार्ड म्हणून खेळले. १९९७ साली, दहावीत असताना, एका निवड चाचणीत मलाही पॉइंटवरून काढून कोपऱ्यात उभं केलं होतं. कारण हेच दिलं होतं. तेव्हा निवड करणारे वेगळे होते, त्यांच्याबद्दल मला आज काही म्हणायचं नाही. पण कोपऱ्यातून सामना कसा दिसतो ते मला माहीत आहे. बॉल तुमच्यापर्यंत येतो तेव्हा घड्याळ संपत आलेलं असतं, अंगावर एक रक्षक आधीच चढलेली असते, आणि तसाच घाईत मारलेला शूट चुकला की बाकावरून आवाज येतो, "ही नुसती मारतेच." पुढच्या वर्षी मी खेळ सोडला. अठ्ठावीस वर्षं होतील तरी त्या कोपऱ्यातली जागा मला डोळे मिटून दाखवता येईल.

आता त्या मुलीबद्दल. पंधरा वर्षांच्या मुलीचं नाव अशा पत्रात नसलेलं बरं. आमच्या कोर्टवर तिची जर्सी सात नंबरची, म्हणून इथेही सात नंबरच म्हणते. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून ती रोज बसने बेळगावला येते. वडील उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पाळीवर असतात. शाळा सुटली की दप्तरासकट सरळ कोर्टवर. सातवीत पहिल्यांदा आली तेव्हा तिला जणू उजवा हात तेवढाच होता. मी तिचा उजवा हात तिच्याच ओढणीने पाठीशी बांधायचे आणि डाव्या हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत ड्रिबल करत जायला सांगायचे. पहिले पंधरा दिवस बॉल पायावर आपटून बाहेरच्या गटाराकडे पळायचा आणि ती एका हाताने तो काढून, जर्सीला पुसून, पुन्हा रेषेवर येऊन उभी राहायची. एकदाही "ओढणी सोडा" म्हणाली नाही. आज ती डाव्या हाताने बॉल आणते तेव्हा मान वर असते आणि नजर समोरच्या चौघींवर. शूट तर तिचा आहेच. तीन पॉइंटच्या, ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून ती मारते आणि समोरच्यांना ते ठाऊक असतं.

माझी पहिली तक्रार चाचणीच्या पद्धतीबद्दल आहे. पॉइंट गार्ड निवडताना तुम्ही काय बघितलंत? शंकूंच्या मधून ड्रिबल, दोघींमधले चेस्ट पास, दहा फ्री थ्रो. हे सगळं समोर कुणी नसताना. मग पाच विरुद्ध पाच अशी आठ मिनिटं खेळवलीत, आणि त्या आठ मिनिटांत सात नंबरला उजव्या कोपऱ्यात उभं केलंत. तिच्याकडे बॉल मोजक्याच वेळा आला, आणि बहुतेक वेळी शूट मारण्यापलीकडे काही करायला जागा नव्हती. तिने मारले. त्यावरून तुम्ही लिहिलंत, 'शूटर'. जिला वाढायला पंगतीत जाऊच दिलं नाही, तिला वाढता येत नाही हे कशावरून ठरवलंत?

त्याच आठ मिनिटांत पॉइंटला जी मुलगी खेळली तिच्याबद्दल मला एकही वाईट शब्द लिहायचा नाही. ती कष्टाळू आहे, बॉल सांभाळते, रागावत नाही, आणि तिला संघात घेतलंत ते बरोबरच केलंत. पण तुम्ही बाकावरून जे बघितलंत तेच मी जाळीपलीकडून बघत होते. तिच्या रक्षक मुलीने पहिल्या दोन मिनिटांतच ओळखलं की ही लांबून मारत नाही. त्यानंतर स्क्रीन लागली, म्हणजे जोडीदार मुलगी रक्षकाच्या वाटेत आडवी उभी राहिली, की ती रक्षक स्क्रीनच्या मागून निवांत जायची आणि 'की'च्या, म्हणजे रिंगखालच्या आखलेल्या चौकटीच्या, तोंडाशी उभी राहायची. आतली उंच मुलगी दोन-दोन जणींच्या मध्ये अडकली. पास बाहेरच्या बाहेर फिरत राहिले. त्या मुलीची यात चूक नव्हती, तिच्यापुढे दार बंद होतं.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण खरा मतभेद तिथेच आहे. तुम्ही धरून चालता की शूट मारणं आणि पास देणं एकाच ताटातले दोन घास आहेत, एक घेतला की दुसरा कमी होतो. रोज संध्याकाळी कोर्टवर मी याच्या उलट बघते.

सात नंबर वर, तीन पॉइंटच्या रेषेबाहेर बॉल घेऊन उभी आहे. आमची उंच मुलगी येऊन तिच्या रक्षकाला स्क्रीन लावते. सात नंबर स्क्रीनला खांदा घासत निघते. आता समोरच्यांपुढे प्रश्न उभा राहतो. तिला एक पाऊल मोकळं सोडलं तर ती तिथूनच मारणार. म्हणून उंच मुलीवर असलेली रक्षक रिंग सोडून दोन पावलं पुढे येते. तेवढ्यात दोघी एकीवर आल्या, आणि मागे आमच्या चौघींना सांभाळायला तिघीच उरल्या. आमची उंच मुलगी तोवर रिंगकडे वळलेली असते. जमिनीवर एक टप्पा, पुढे आलेल्या रक्षकाच्या गुडघ्याच्या बाजूने, आणि बॉल तिच्या दोन्ही हातांत. वही घेऊन बसलेला माणूस एक असिस्ट, म्हणजे ज्यावर लगेच गुण झाले असा पास, मांडतो. पण तो पास त्या दोन पावलांमधून निघाला, आणि ती पावलं शूटच्या धाकाने पडली.

आपल्याकडे आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पटाला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, जाणारा पैलवान असला की समोरचा वाकून उभा राहतो, हात खाली आणतो. मग वरचे डाव खुले होतात. जो कधीच पट काढत नाही त्याच्यापुढे कुणी वाकत नाही. कबड्डीत ज्या चढाईपटूचा पाय लागतच नाही त्याच्या हुलीला कुणी फसत नाही. हूल खरी वाटायला मागे खरा डाव लागतो.

हे मला सुरुवातीपासून कळत होतं असं मी म्हणणार नाही. मागच्या वर्षी तुमच्यासारखाच विचार करून मी सात नंबरला सांगितलं होतं, "तुला पॉइंट खेळायचंय ना? मग पंधरा दिवस शूट बंद. फक्त पास." तिने तंतोतंत ऐकलं. तिसऱ्या दिवशी समोरच्या मुलींच्या लक्षात आलं आणि त्या मागे सरकल्या. पास अडवले जायला लागले. पाणी प्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "त्या माझ्याजवळ येईनातच की ओ टीचर. सगळ्या आतच उभ्या. आता बॉल टाकू कुठं?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बंदी उठवली आणि सांगितलं की रिंगकडेच बघत जा, दुसरी रक्षक अंगावर येईपर्यंत जा, ती आली की ती कुणाला सोडून आली एवढंच शोध. त्या दिवसापासून तिचे पास उघडले. माझी चूक मी पंधरा वर्षांच्या मुलीकडून शिकले. तुम्हालाही तेवढीच संधी तिला द्या एवढंच माझं मागणं आहे.

मोठ्या खेळातले दाखले तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील, तरी मांडते, कारण "असं कुठं चालत नाही" असं तुमच्यातल्या एकांनी म्हटलं. अमेरिकेचा स्टीफन करी डेव्हिडसन कॉलेजात पहिली दोन वर्षं स्कोअर करणारा गार्ड होता. त्याच्याबरोबरचा पॉइंट गार्ड जेसन रिचर्ड्स २००७-०८ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांत असिस्टमध्ये पहिला होता. तो शिकून बाहेर पडल्यावर २००८-०९ मध्ये पॉइंटची जागा करीला दिली. त्या हंगामात त्याने सामन्यामागे २८.६ गुण करून साऱ्या देशात पहिला नंबर घेतला आणि असिस्टही ५.६ वर नेले. तरी २००९ च्या ड्राफ्टच्या वेळी, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, हा खरा पॉइंट गार्ड नाही अशीच शंका घेतली गेली आणि त्याचं नाव सातव्या क्रमांकावर पुकारलं गेलं. त्याला पॉइंटला ठेवून गोल्डन स्टेटने २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ अशी चार विजेतेपदं घेतली.

जेम्स हार्डनचा दाखला मला जास्त जवळचा वाटतो, कारण तिथे प्रशिक्षकाने जाणूनबुजून निर्णय घेतला. हार्डन स्कोअरर म्हणून नावाजलेला होता. २०१६ मध्ये माइक डॅन्टोनी ह्यूस्टनला आले आणि त्यांनी त्याला सरळ पॉइंट गार्ड केलं. हे तेच डॅन्टोनी, ज्यांच्या हाताखाली स्टीव्ह नॅशसारखा जातिवंत पॉइंट गार्ड सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. म्हणजे पॉइंट गार्ड कसा असतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या हंगामात हार्डनचे असिस्ट सामन्यामागे ७.५ वरून ११.२ वर गेले, लीगमध्ये सर्वांत जास्त. गुण कमी झाले नाहीत, २९.१ राहिले. संघाचे विजय ४१ वरून ५५ झाले.

मुलींचं वेगळं असतं, असंही मला ऐकवलं गेलं. केटलिन क्लार्क अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या दर्जाच्या स्पर्धांत मुलगे-मुली मिळून सर्वांत जास्त गुण करणारी खेळाडू. २०२४ मध्ये ती इंडियाना संघाकडून महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरली. पहिल्याच वर्षी ३३७ असिस्ट देऊन तिने हंगामाचा विक्रम केला, एका सामन्यात १९ देऊन तोही विक्रम केला. आदल्या वर्षी ४० पैकी १३ सामने जिंकणारा तो संघ २० जिंकून २०१६ नंतर प्रथमच बाद फेरीत गेला. आणि आपल्या देशातच बघायचं तर वाराणसीचा विशेष भृगुवंशी भारताचा कर्णधार म्हणून गुणही करत आला आणि खेळही मांडत आला.

तुमच्या बाजूचेही दाखले आहेत आणि ते लपवून मला पत्र जिंकायचं नाही. ॲलन आयव्हर्सन १९९६ मध्ये पहिल्या क्रमांकाने निवडला गेला तो पॉइंट गार्ड म्हणून. पुढे प्रशिक्षक लॅरी ब्राऊन यांनी त्याला त्या जागेवरून हलवलं, बॉल वर आणायचं काम एरिक स्नोला दिलं, आणि २००१ मध्ये तोच संघ अंतिम फेरीत गेला, आयव्हर्सन त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्याही आधीचा टायनी आर्चिबाल्ड. १९७२-७३ मध्ये सामन्यामागे ३४ गुण आणि ११.४ असिस्ट, दोन्हींत लीगमध्ये पहिला. एकाच हंगामात दोन्ही सरासरींत पहिला येणं त्याच्याशिवाय कुणाला जमलेलं नाही. पण त्याच्या संघाने त्या वर्षी ८२ पैकी ३६ सामनेच जिंकले. सगळा भार एकाच खांद्यावर पडला की असं होतं. मात्र तोच आर्चिबाल्ड पुढे बॉस्टनला गेला, तिथे भोवती गुण करणारे दुसरे होते, त्याने आपले शूट कमी केले, खेळ मांडला, आणि १९८१ मध्ये विजेतेपद मिळवलं. शूट मारायला पाहिजे तेव्हा मारणारा आणि बॉल वाटायला पाहिजे तेव्हा वाटणारा माणूस एकच होता. भोवतीचा संघ बदलला तसं त्याने आपलं प्रमाण बदललं.

करीच्या बाबतीतही एक गोष्ट सांगायची राहते. २०१५-१६ मध्ये, ज्या हंगामात त्याने तीन पॉइंटचे ४०२ शूट टाकून विक्रम केला, त्याच्या संघात सामन्यामागे सर्वांत जास्त असिस्ट त्याचे नव्हते. ते ड्रेमंड ग्रीनचे होते, ७.४, आणि करीचे ६.७. ग्रीन गार्ड नव्हे, फॉरवर्ड, म्हणजे रिंगजवळ खेळणारा. करीवर दोघे धावून गेले की बॉल ग्रीनकडे यायचा आणि पुढचा पास तो द्यायचा. यातून मी एवढंच घेतलं की स्कोअर करणारी पॉइंट गार्ड चालते, पण तिला जोडीदार लागते. आमची ती उंच मुलगी आता स्क्रीननंतर 'की'च्या वरच्या टोकाला बॉल पकडून कोपऱ्यात पास द्यायला शिकतेय. आणि तुम्ही निवडलेली ती कष्टाळू पॉइंट गार्ड सात नंबरच्या बाजूला खेळली तर दोघींचंही काम हलकं होईल. दोघींपैकी एक असा प्रश्न मी कधी मांडलाच नव्हता.

माझी पुढची तक्रार चुकांच्या हिशोबाची. सात नंबरच्या कागदावर तुम्ही तीन टर्नओव्हर, म्हणजे बॉल समोरच्यांच्या हाती गेल्याच्या चुका, लिहिलेत. खरे आहेत. त्यातला एक तर मलाही बघवला नाही, तीन जणींच्या मधून उगाच पास टाकला तिने. पण त्याच खेळात तिने दोन पास असे दिले की समोर फक्त रिंग होती आणि आमच्याच मुलींच्या लेअप, म्हणजे रिंगजवळून टाकायचे सोपे शूट, चुकल्या. ते कुठे लिहिलंत? असिस्ट तर बॉल आत गेल्यावरच धरतात, म्हणून तिच्या खात्यावर चुका तीन आणि काम शून्य असं चित्र उरलं. ह्यूस्टनच्या ज्या हंगामाचं मी वर लिहिलं, त्यात हार्डनचे टर्नओव्हर ४६४ झाले, एका हंगामात तेवढे आधी कुणाचेच झाले नव्हते. क्लार्कच्या पहिल्या वर्षी असिस्टबरोबर टर्नओव्हरचाही विक्रम तिच्याच नावावर लागला. त्यांच्या प्रशिक्षकांनी तेवढ्यावरून त्यांना कोपऱ्यात पाठवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. ज्याच्या हातात जास्त वेळ बॉल, त्याच्या हातून जास्त वेळा तो सुटणार. पोळ्या लाटणाऱ्या बाईच्याच एखाद-दोन पोळ्या करपतात.

तुमच्या शेऱ्यात एक ओळ होती, 'कोर्टवर बोलत नाही'. ही ओळ मला सगळ्यांत जास्त लागली. कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलीने कुणाशी काय बोलायचं? आमच्या कोर्टवर एकदा येऊन ऐका. गोकाककडच्या, बैलहोंगलच्या मुलींबरोबर खेळताना ती कन्नडमध्ये "कोडु, कोडु", म्हणजे दे, दे, असं ओरडते, घरच्या मुलींना "दे की गं, डावीकडं बघ" म्हणते, आणि एकाच चढाईत दोन्ही भाषा बोलून पाचही जणींना आपापल्या जागी लावते. आपल्या जिल्ह्याच्या संघात निम्म्या मुली घरी कन्नड बोलणाऱ्या आणि निम्म्या मराठी बोलणाऱ्या असतात. बॉल मागे असताना आठ सेकंदांत अर्धा कोर्ट ओलांडायचा असतो, चोवीस सेकंदांत शूट घ्यायचा असतो. त्यात दोन्हीकडच्या मुलींना एका दमात सांगू शकणारी मुलगी तुम्ही शेऱ्यात मुकी करून टाकलीत.

सरावाच्या सोयीबद्दल थोडक्यात लिहिते. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमचं कोर्ट बहुतेक वेळ ओलंच असतं. मुली एका लांब ओसरीत उभ्या राहून जागच्या जागी ड्रिबल करतात. शूटचा हात तशातही टिकतो, भिंतीवर मारत राहता येतं. पण खेळ मांडायला पाच विरुद्ध पाच लागतात आणि त्याला कोरडी जमीन लागते. पाऊस संपल्यासंपल्या चाचणी ठेवली की खेळ मांडणारी मुलगी नेहमीच कच्ची दिसणार आणि शूट मारणारी पक्की. हे तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण तारीख ठरवताना याचा विचार झालेला नाही.

मला जे पाहिजे ते असं आहे.

अर्जात पॉइंट गार्ड लिहिलेल्या प्रत्येक मुलीची चाचणी पुन्हा घ्या आणि त्यात प्रत्येकीला निदान एक पूर्ण डाव, म्हणजे दहा मिनिटं, बॉल हातात देऊन पाच विरुद्ध पाच खेळू द्या. हे फक्त माझ्या मुलीसाठी मागत नाही. चिकोडी, निपाणी, खानापूरकडून आलेल्या आणखी दोन-तीन मुलींना मी त्या दिवशी कोपऱ्यात बघितलं. त्या डावात टर्नओव्हर मांडाल तसे मोकळी जागा करून दिलेले पासही मांडा, पुढे लेअप चुकली तरी. वही मी आणते, पण मांडायला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बसू द्या. ज्या मुलींना नाकाराल त्यांना कारण लेखी द्या, कन्नड आणि मराठी दोन्हींत, म्हणजे घरी आईवडिलांनाही ते वाचता येईल. सात नंबरच्या आईने मला विचारलं, "आमची पोरगी तिथं जाऊन कोपऱ्यात उभी राहून येणार काय?" त्या माउलीला दाखवायला माझ्याकडे त्रोटक शेऱ्यापलीकडे काही नव्हतं. आणि शूट मारणारी मुलगी पॉइंटला चालत नाही असं जे तोंडी सांगितलं गेलं, ते शाळांना पत्र पाठवून मागे घ्या. ते चार ओळींचं पत्र खूप काम करेल.

नव्या चाचणीत सात नंबर कमी पडली तर मी तुमचा निर्णय मान्य करीन. तिला तो मीच सांगेन, आणि दुसऱ्या दिवसापासून ज्यात ती कमी पडली त्यावर काम सुरू करीन. तुमच्याशी माझं वैर नाही. तुमच्यातल्या दोघांनी मी शाळेत असताना मला बूट घेऊन दिले होते, ते मी विसरलेले नाही. त्याच नात्याने हे लिहितेय.

विभागीय स्पर्धेला संघ जायला अजून अवकाश आहे. त्याआधी एखाद्या दिवशी, न सांगता, टिळकवाडीतल्या कोर्टवर या. आम्ही साडेपाचला सुरू करतो. पाच विरुद्ध पाच सहानंतर असतं. शेवटची बस चुकू नये म्हणून सात नंबर सव्वासातला निघते, तेवढं लक्षात ठेवून या.

आपली,
संध्याकाळी मुलींना शिकवणारी एक जुनी गार्ड
टिळकवाडी, बेळगाव